धूर चंद्रपूरचा, दिवे मुंबई-पुण्याचे

१९९१ च्या जुलैमध्ये मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला तेव्हा देशाला घोर होता तो परकीय चलनाचा. कार्बनचा हिशेब कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि त्यात गैरही काही नव्हते. तेव्हा सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी पाऊण टनाहूनही कमी कार्बन डायऑक्साइड येत होता. आज हा आकडा दोन टनांच्या आसपास आहे. जगाच्या सरासरीच्या तो निम्माही नाही. पण देशाची एकूण बेरीज मात्र चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ तिसरी.

मधल्या काळात शहरे फुगली. १९९१ मध्ये देशातले २५.७ टक्के लोक शहरांत होते, २०११ मध्ये ३१.२ टक्के, महाराष्ट्रात ४५ टक्क्यांवर. शहराचा धूर म्हटले की आपल्याला सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या आठवतात. माझ्या मते खरा हिशेब चंद्रपुरात मांडायला हवा.

ऐंशीच्या दशकात तिथे सुरू झालेल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. कोळसा आसपासच्या खाणींतला. १९९९ मध्ये चंद्रपूर ते कल्याणजवळचे पडघे अशी साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी सुरू झाली आणि विदर्भातली वीज थेट मुंबईच्या वेशीवर आली. राख, धूळ आणि ४५ अंशांपलीकडचा उन्हाळा चंद्रपूरकरांकडेच राहिला. शहरांना पुरवठा होत असताना खेड्यापाड्यांत बारा-बारा तास भारनियमन चालले होते, हे विसरता कामा नये. भारनियमन पुण्यालाही चुकले नव्हते; २००६ मध्ये पुण्याने त्यातून वाट काढली: कारखान्यांनी जास्त मागणीच्या वेळी स्वतःचे जनित्र चालवायचे, ग्रिडची वाचलेली वीज शहराला मिळायची आणि जादा खर्च ग्राहकांनी बिलातून भरायचा. अंधार टळला, पण इंधन जाळूनच.

चंद्रपूर जिल्ह्यातच घुग्गुस आणि गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत. भट्टीत चुनखडी साधारण १,४५० अंशांपर्यंत तापते आणि क्लिंकर तयार होते. त्या प्रक्रियेत चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनात मोठा वाटा याचाच, कोळशाचा त्यानंतर. त्यामुळे कारखान्याला सौर वीज पुरवली तरी हा भाग उरतोच. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक स्लॅबमध्ये तो आहे.

या काळात काही चांगलेही घडले. सरकारी योजनेतून २०१५ पासून कोट्यवधी एलईडी दिवे घरोघरी गेले. सौर वीज स्वस्त झाली. देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन घटत गेले. एकूण उत्सर्जन मात्र वाढतच राहिले, कारण वाढीचा वेग या बचतीपेक्षा जास्त होता. ती वाढ नकोच, असे मी म्हणणार नाही. भारनियमनात रात्री काढलेल्या घराला पंखा मिळणे हा त्याचा हक्कच आहे.

आक्षेप आहे तो शहरे बांधण्याच्या पद्धतीला. मुंबईत १९२५ पासून विजेवर धावणाऱ्या लोकलभोवती शहर वाढले, म्हणून आजही लाखो माणसे गाडीविना कामावर जातात. पुणे सायकलींचे होते, ते दुचाकींचे झाले. हिंजवडीत आयटी पार्क आधी आले, मेट्रोचे काम कितीतरी नंतर. २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग पुण्यानेच केला. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका काढून टाकली गेली, आणि त्या जागेत आता बसच्या बरोबरीने खासगी गाड्या धावतात.