बैठक मुलासाठी, मग आई बाहेर का?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलासाठी किती तज्ज्ञ लागतात! बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक. एक पायांचे व्यायाम देतो, दुसरा बोलण्याचे. प्रत्येकाचे म्हणणे आपल्या जागी बरोबरच असते. पण घरी हे सगळे करायचे कुणी? बहुतेक वेळा एकट्या आईने. स्वयंपाक, इतर मुलांची शाळा आणि घरातील वडीलधारी माणसे सांभाळून तिने किती व्यायाम करून घ्यावेत?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत हे तज्ज्ञ एका छताखाली असावेत, अशी योजना आहे. परंतु एका छताखाली बसणे वेगळे आणि एका विचाराने काम करणे वेगळे. बैठकीत प्रत्येकाने आपला अहवाल वाचला की वेळ संपतो. ठरत काहीच नाही.

आम्हाला वाटते, सुधारणा अवघड नाही. अहवाल आधीच एकमेकांना वाचायला द्यावेत. बैठकीत पहिला प्रश्न आईवडिलांना विचारावा : ‘येत्या तीन महिन्यांत तुमच्या मुलाला काय जमावे असे वाटते?’ एखादी आई म्हणेल, ‘दस्तरखानावर सगळ्यांसोबत बसून त्याने आपल्या हाताने जेवावे.’ हेच सर्वांचे उद्दिष्ट ठरावे. मग फिजिओथेरपिस्ट बसण्याचा तोल पाहील, ऑक्युपेशनल थेरपिस्ट घास धरण्याची सवय लावील आणि स्पीच थेरपिस्ट चावण्या-गिळण्याकडे लक्ष देईल. व्यायाम जेवणाच्या वेळीच होतील. आईचा भार हलका होईल.

कॅनडातील रोझेनबॉम आणि गोर्टर या डॉक्टरांनी २०१२ मध्ये अशा मुलांबाबत सहा गोष्टी पुढे ठेवल्या : दैनंदिन कामे, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य. शरीरातील दोषापलीकडेही मूल असते, हेच त्यांना सांगायचे होते.

पालकांनीही संकोच सोडावा. बैठकीला वडिलांनीही जावे. आपले प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. न समजलेला शब्द पुन्हा विचारावा. उठण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी मागून घ्याव्यात : कोण काय करणार, अडचण आल्यास कुणाला भेटायचे आणि पुढची बैठक कधी.

तज्ज्ञ मुलाला आठवड्यातून तासभर पाहतात, घर त्याला रात्रंदिवस पाहते. त्या घराला बैठकीत खुर्ची मिळालीच पाहिजे.