'ओकम' म्हणजे नेमके काय? जुन्या दोरातून निघालेल्या एका शब्दाची गोष्ट

चार्ल्स डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' या कादंबरीत नऊ वर्षांच्या अनाथ ऑलिव्हरला वर्कहाउसच्या पंचमंडळासमोर उभे केले जाते. निराधारांना आसरा देण्याच्या नावाखाली राबवून घेणारी ही सरकारी आश्रयगृहे. तुला इथे शिक्षण मिळेल, एक उपयोगी धंदा शिकवला जाईल, असे मंडळातले गृहस्थ त्याला सांगतात. हा धंदा कोणता? तर उद्या सकाळी सहा वाजल्यापासून 'ओकम' पिंजायला बसायचे.

डिकन्सच्या वाचकांना यातला उपरोध लगेच कळला असणार, कारण ओकम पिंजणे हा धंदा नव्हता. ती शिक्षा होती. आपण मात्र हा शब्द वाचतो आणि अडखळतो. ऑस्कर वाइल्डच्या तुरुंगवासाची हकिगत असो वा जुन्या जहाजांवरचे एखादे पुस्तक, ओकम अधूनमधून भेटत राहतो आणि संदर्भाने अंदाज बांधून आपण पुढे जातो.

ओकम म्हणजे जुन्या दोरखंडाचे सुटे केलेले तंतू. अंबाडीसारख्या दिसणाऱ्या हेम्प नावाच्या वाखाचे, डांबरात मुरलेले जाड दोर निकामी झाले की त्यांचे तुकडे करायचे, पीळ सोडवायचा, पेड वेगळे करायचे आणि मग प्रत्येक पेड बोटांनी उकलत त्याचा पुन्हा पिंजलेल्या कापसासारखा पुंजका करायचा. हा पुंजका लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटीत ठोकून बसवला की पाणी आत येत नसे.

ओक वृक्षाशी संबंध नाही

इंग्लंडची लढाऊ जहाजे ओकच्या लाकडाची, त्यामुळे 'ओकम'मध्ये ओक असणार असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'आकुम्बा' असा होता. त्यातला 'आ' म्हणजे 'वेगळे', 'बाहेर', आणि पुढचा भाग 'विंचरणे' या अर्थाच्या 'केम्बन' या क्रियापदाच्या कुळातला. म्हणजे ओकम हे मुळात 'विंचरून काढलेले'. जवसाच्या झाडाचा वाख लिननसाठी लोखंडी दातांच्या फणीतून ओढला की लांब, सरळ धागे हातात येतात आणि आखूड, गुंतलेला गुंता फणीत अडकून राहतो. त्या गुंत्याचे हे नाव. जुन्या जर्मनमध्येही याच घडणीचा 'आखाम्बी' हा शब्द होता.

इंग्रजीतला 'कोम्ब', म्हणजे कंगवा, याच घरातला. अस्ताव्यस्त माणसाला इंग्रज 'अनकेम्प्ट' म्हणतात, त्याचाही शब्दशः अर्थ 'न विंचरलेला'. आणखी मागे गेले तर 'कोम्ब'चे मूळ दाताच्या अर्थाच्या एका प्राचीन शब्दात सापडते. संस्कृतातला 'जम्भ', म्हणजे दात किंवा जबडा, त्याचा भाऊ. फणीला आपणही दातेच म्हणतो!

फणीतला हा गुंता फटी बुजवायला उपयोगी पडे. पुढे तेच काम जुन्या दोरांचे तंतू करू लागले आणि नाव त्यांच्याकडे गेले. वस्तू बदलली, काम तेच राहिले, म्हणून शब्दही टिकला.

या कामाने आणखी दोन शब्द इंग्रजीला दिले. ते आपण मराठीत रोज वापरतो, म्हणून इथे जरा थांबतो. लॅटिनमध्ये वाखाच्या गुंत्याला 'स्तुप्पा' म्हणत. त्यावरून उत्तर-लॅटिनमध्ये 'स्तुप्पारे' हे क्रियापद झाले : वाख कोंबून भोक बंद करणे. त्यातूनच इंग्रजीतला 'स्टॉप' आला. आधी अर्थ होता बुजवणे, मग अडवणे, मग थांबणे. बसस्टॉपवर उभे असताना आपण बोळा कोंबलेल्या भोकाचाच शब्द उच्चारत असतो.

दुसरा शब्द 'जंक'. खलाशांच्या भाषेत जंक म्हणजे निकामी झालेला जुना दोर, ज्याचे तुकडे करून ओकम काढत. समुद्रावर महिनोन्‌महिने खारवलेले, चिवट मांस खावे लागे. त्यालाही खलाशी वैतागून 'जंक' म्हणू लागले, कारण ते दोरासारखेच चावावे लागे. एकोणिसाव्या शतकात जंक म्हणजे कोणतेही टाकाऊ सामान झाले आणि विसाव्या शतकात 'जंक फूड' आले. खाण्याला जंक म्हणण्याचा हा खलाशी वारसा तसा बराच जुना आहे. (चिनी शिडाच्या जहाजालाही जंक म्हणतात. तो शब्द मलय-जावा भागातून पोर्तुगिजांमार्फत आला, त्याचा या दोराशी संबंध नाही.)

फटीत दोर कशाला?

लाकडी जहाज म्हणजे एकसंध भांडे नसते. शेकडो फळ्या सांगाड्यावर ठोकलेल्या असतात आणि लाटांवर सांगाडा सतत वाकतो, पिळवटतो. फळ्या एकमेकींना कितीही घट्ट भिडवल्या तरी त्यांच्यात हालचाल होणारच. लाकूड उन्हात आकसते, पाण्यात फुगते. म्हणून फटीत कडक काही भरून चालत नाही. दाबले तर दबेल आणि मोकळीक मिळाली की पुन्हा फुलेल असे काहीतरी लागते. डांबरात मुरलेला वाख तसा असतो. तो सहज कुजत नाही आणि भिजला की फुगून फट अधिकच घट्ट करतो.

कारागीर ओकमची सैलसर वात वळत, बोथट छिन्नीसारख्या लोखंडाने ती फटीत सारत आणि लाकडी मोगरीने ठोकत. एकावर एक थर बसले की वर उकळते डांबर किंवा राळ ओतत. जुन्या जहाजांच्या डेकवर फळ्यांमधून ज्या काळ्या रेषा दिसतात त्या याच. काम दिसायला सोपे, पण हात बसायला वर्षे लागत. ओकम सैल राहिले तर समुद्रात निघून येई, फार ठोकले तर फळ्याच एकमेकींपासून ढकलल्या जात. आणि हे एकदा करून भागत नसे. ठरावीक काळाने जहाज गोदीत घेऊन जुने ओकम उपसायचे आणि नवे भरायचे.

नौदलाचा यात मोठा हिशेब होता. शिडाच्या युद्धनौकेवर अनेक मैल लांबीचा दोर लागे. त्यासाठीचा वाख ब्रिटनला मुख्यतः रशियातून, रिगा आणि सेंट पीटर्सबर्गच्या बंदरांतून, विकत आणावा लागे. इतका महाग माल झिजला म्हणून फेकणे परवडणारे नव्हते. शिडे ओढून ओढून म्हातारा झालेला दोर शेवटी जहाजाच्या अंगातच भरला जाई.

आपल्या किनाऱ्यावर रीत निराळी होती. अरबी समुद्रातली कित्येक जुनी गलबते खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने चक्क शिवलेली असत. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात नारळाच्या सालीपासून होणाऱ्या या 'काइरो'ची आणि त्यापासून वळल्या जाणाऱ्या जहाजी दोरांची नोंद केली आहे. पुढे सुरत-मुंबईच्या सुतारांनी सागवानी फळ्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवण्याचे कसब इतके वाढवले की युरोपीय प्रवासी त्याचे कौतुक लिहून ठेवत. फटी बुजवणाऱ्या कारागिराला पोर्तुगीज 'कालाफाते' म्हणत. हा शब्द इथल्या गोद्यांमध्ये रुळला आणि 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशात हिंदुस्तानी व बंगाली 'कालापट्टी' म्हणून नोंदला गेला.

दोर उकलायला माणसे कुठून आणली?

आतापर्यंतची गोष्ट कारागिरीची झाली. पण फटीत ठोकण्याआधी ओकम कोणीतरी पिंजावे लागे, आणि ते काम कुशल माणसाने मजुरी घेऊन करावे इतके मोलाचे कधीच नव्हते. ते ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याकडे गेले.

तुरुंगाच्या आणि वर्कहाउसच्या व्यवस्थापकांच्या नजरेने पाहिले तर यापेक्षा सोयीचे काम नव्हते. हत्यार जवळजवळ लागत नाही, म्हणजे मारामारीची भीती कमी. एकांत कोठडीतही करता येते. बाया, मुले, म्हातारे कोणालाही देता येते. आणि तोलून देता, तोलून घेता येते, त्यामुळे कोण कामचुकार हे तराजूच सांगतो. लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात शेकडो कैदी एका प्रचंड दालनात रांगांनी बसून मुकाट्याने दोर पिंजत. एकमेकांशी बोलायला बंदी होती. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या तुरुंगांवरच्या पुस्तकात याचे तपशीलवार वर्णन केले आहे.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. समुद्रावर वर्षे काढलेल्या, डांबराने दगड झालेल्या दोराचा पीळ उघड्या बोटांनी सोडवायचा म्हणजे काय, हे त्यावरून समजावे. नखे तुटत, बोटांची टोके फाटत, डांबर जखमेत जाई. दोर आधी हातोड्याने ठेचून दिला तर काम थोडे हलके होई. म्हणून नियमांत 'ठेचलेला' आणि 'न ठेचलेला' असे दोन दर असत. १८८२ च्या ब्रिटिश नियमांनुसार रात्रीच्या आसऱ्याला आलेल्या भटक्या पुरुषाने, डांबून ठेवलेल्या प्रत्येक पूर्ण दिवसाला, न ठेचलेला दोर असेल तर चार पौंड, म्हणजे सुमारे १.८ किलो, किंवा ठेचलेला असेल तर आठ पौंड पिंजायचा. बाईला याच्या निम्मे. लक्षात घ्या, या माणसांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्यांच्याकडे झोपायला जागा नव्हती, एवढेच.

१८३४ च्या गरिबांविषयीच्या नव्या कायद्यामागचे तत्त्वच असे होते की वर्कहाउसमधले जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसे वाटले पाहिजे, म्हणजे खरी गरज असलेलाच आत येईल. काम उपयोगी आहे की नाही हा प्रश्न दुय्यम होता, ते कंटाळवाणे आणि अपमानास्पद असणे महत्त्वाचे. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो पुढचा. १८६० साली ब्रिटिश नौदलाची लोखंडी चिलखताची, लोखंडी सांगाड्याची 'वॉरियर' ही युद्धनौका पाण्यात उतरली. लोखंडी जहाजांच्या बाजूंना ओकम लागत नाही. पुढच्या दशकांत मागणी घसरत गेली, पण कोठड्यांतले दोर पिंजणे थांबले नाही. १८९५ साली दोन वर्षांची सक्तमजुरी झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही ते करावे लागले, आणि १८९८ साली स्वतःच्या नावाऐवजी कोठडीच्या क्रमांकाखाली छापलेल्या त्याच्या 'रेडिंग तुरुंगाच्या पोवाड्यात' या कामाचा उल्लेख आहे. अमेरिकन लेखक जॅक लंडन १९०२ मध्ये वेषांतर करून लंडनच्या गरीब वस्तीत राहिला, तेव्हाही व्हाइटचॅपलच्या आसऱ्यात सकाळी काहींच्या वाट्याला ओकम आले होते.

मराठी वाचकाला इथे अंदमान आठवल्यावाचून राहत नाही. सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांना नारळाची वाळलेली सोडणे मोगरीने कुटून काथ्या काढावा लागे. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये त्याची वर्णने आहेत. इंग्लंडमध्ये दोराचे तंतू करायचे, इथे दोरासाठी तंतू काढायचे. दिवसाचे ठरलेले वजन आणि सोललेले हात दोन्हीकडे सारखेच. निष्फळ चर्चेला आपण 'काथ्याकूट' म्हणतो तेव्हा त्या कामातला कंटाळा तेवढा शब्दात उरलेला असतो, हात नव्हे.

ओकमचे आणखी काही उपयोग झाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात पट्टीच्या कापडाची चणचण भासली तेव्हा न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक लुईस सेअर यांनी जखमांवर ओकम बांधण्याचा पुरस्कार केला. ते स्वस्त होते, पू शोषून घेई आणि डांबराच्या वासाने दुर्गंधी झाकली जाई. घोड्यांच्या खुरांखाली भरायलाही ते वापरत.

आजही लाकडी जहाजांच्या डागडुजीत ओकम लागते. १७९७ साली पाण्यात उतरलेली अमेरिकेची 'कॉन्स्टिट्यूशन' ही युद्धनौका अजून तरंगते आहे, आणि तिच्या फटी आजही त्याच छिन्नी-मोगरीने बुजवल्या जातात. दुसरी जागा अधिक घरगुती आहे. प्लास्टिकचे पाइप येण्याआधी बिडाच्या सांडपाण्याच्या पाइपांचे सांधे असेच बुजवत : एका पाइपाच्या रुंद तोंडात दुसरा बसवायचा, मधल्या फटीत डांबरी वाख ठोकून भरायचा आणि वर वितळलेले शिसे ओतायचे. भारतातही ही पद्धत रूढ होती. एखादी जुनी इमारत पाडताना असा सांधा फुटला, तर शिशाच्या कड्यामागे काळा, चिकट धाग्यांचा बोळा निघतो.