हवेचें छायाचित्र

आपल्या मासिकांत खतें, बियाणें व बांधबंदिस्ती यांवर लेख येतात. तेथें छायाचित्रणाचा विषय पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्यास रोज पहाटे उठून आभाळ न्याहाळावें लागतें, त्याच्याइतका हवेचा पारखी दुसरा कोण? आणि देखाव्याच्या छायाचित्रांत ज्यास ‘भाव’ म्हणतात, तो बहुतांशीं हवेचाच असतो.

मालवणच्या किनाऱ्यावर हें लवकर ध्यानांत येतें. इ. स. १६६४ ते १६६७ या काळांत कुरटे बेटावर उभारलेला सिंधुदुर्ग पुळणीवरून दिसतो खरा, पण बारा महिने एकसारखा दिसत नाहीं. चैत्र-वैशाखांतील दमट, खाऱ्या हवेंत तट फिका पडून पाण्यावर तरंगल्यासारखा भासतो. आश्विनांत, पावसानें धुतलेल्या हवेंत, तोच तट चिरे मोजावे इतका जवळ येतो. पाहुण्यांस हा दुसरा प्रकार आवडतो, मला पहिला.

यंत्राची एक खोड सांगून ठेवतों. कॅमेऱ्यांतील साधा प्रकाशमापक समोरचें सर्व कांहीं मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतो. त्यामुळें मृगाचे काळे ढग राखेसारखे उतरतात आणि उन्हांतली पांढरी पुळण मळकट. ढगांसाठीं प्रकाश थोडा कमी घ्यावा, पुळणीसाठीं वाढवावा. मोबाइलवरही पडद्यावर बोट ठेवून हें साधतें.

आतां माझी एक चूक. आमच्या खाजणाचा बांध एका उधाणांत फुटला आणि पोटरींतलें भात खाऱ्या पाण्याखालीं गेलें. दुसऱ्या दिवशीं सूर्यास्ताच्या वेळीं मीं तेथें छायाचित्र घेतलें. तांबूस सोनेरी पाणी, त्यावर भाताचीं टोकें, मागें काळे माड. घरीं येणाऱ्या प्रत्येकानें वाहवा केली. शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें मात्र चित्र बराच वेळ हातांत धरून विचारलें, “ह्यो मळो कोणाचो रे?” त्याच मळ्याच्या बांधावर तो माझ्याबरोबर रात्रभर चिखल भरीत उभा होता!

चित्र खोटें नव्हतें. पाणी तसेंच झळाळत होतें. पण तो भाव सूर्यास्ताचा होता, मळ्याचा नव्हे. आठवड्यानें मी पुन्हां गेलों, ओहोटीला, ढगाळ दुपारीं. सावली नाहीं, झळाळी नाहीं. करपलेलीं पिंवळीं पातीं, मिठाची पांढरट रेघ, आणि बांधाचें भगदाड.

या चित्राची कोणी वाहवा केली नाहीं. त्या वृद्धास दाखविलें तेव्हां त्यानें भगदाडावर बोट ठेवलें व म्हणाला, “हयसर दगड घालूक होये होते.”

यंदा तेथें जांभ्याचे चिरे बसविले आहेत.