बोनेटखालचं फायबर

रत्नागिरीत ‘फायबर’ म्हटलं की मिरकरवाड्याच्या बंदरातली होडीच डोळ्यांसमोर येते. साच्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, हार्डनर घातलेलं पॉलिस्टर रेझिन तिच्यात जिरवायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, की वर पुढची मॅट. अंगाला खाज सुटते, वासाने डोकं धरतं. पण जी होडी उतरते तिला ना कीड लागते, ना गंज.

हेच फायबर मिरजोळे एमआयडीसीच्या गॅरेजातही असतं, फक्त तिथे त्याला कोणी फायबर म्हणत नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं बोनेट उघडलं की इंजिनाला हवा पुरवणारा इनटेक मॅनिफोल्ड काळ्या प्लॅस्टिकचा दिसतो. अंगावर अनेकदा बारीक ठसा असतो: ‘पीए६६-जीएफ३०’. म्हणजे नायलॉन ६६, आणि त्यात वजनाने ३० टक्के काचतंतू. कित्येक गाड्यांचं टॅपेट कव्हरही याच जातीचं असतं.

होडीत तंतू लांब आणि काम हाताचं. इथे तंतू मिलिमीटरपेक्षाही आखूड तुटलेले, वितळलेल्या नायलॉनबरोबर दाबाने डायमध्ये शिरणारे. नुसतं नायलॉन ताणाखाली ७५ अंश सेल्सिअसच्या आसपासच वाकू लागतं. ३० टक्के काच घातली की तीच मर्यादा २५० अंशांजवळ जाते. इंजिनाच्या उष्ण खोलीत प्लॅस्टिकला पाऊल ठेवता आलं ते या एका आकड्यामुळे. वजनाचा हिशोब सोपा: ॲल्युमिनियमची घनता २.७, या मिश्रणाची १.४ च्या आत. शिवाय आतली भिंत गुळगुळीत राहते आणि इंजिनाची धग आत येणाऱ्या हवेला कमी लागते. मला तर वजनापेक्षा हा फायदा जास्त चतुर वाटतो.

मग सगळं इंजिनच असं का नाही? हे वेड एका माणसाला लागलं होतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मॅटी होल्ट्झबर्ग यांनी १९८०च्या दशकात फोर्डच्या २.३ लिटर इंजिनाच्या धर्तीवर ‘पोलिमोटर’ बांधलं. मूळ इंजिन सुमारे १८८ किलोंचं, हे ६९ च्या आसपास. लोला कंपनीच्या शर्यतीच्या गाडीत बसून ते १९८४-८५ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅकवर धावलंही. गंमत अशी, की शर्यतीत तुटल्याची नोंद आहे ती बाहेरून विकत आणलेल्या कनेक्टिंग रॉडची! पण क्रँकशाफ्ट, सिलिंडरचे लायनर आणि ज्वलनकक्षाचा माथा त्यांनीही धातूचाच ठेवला होता. जिथे आग, तिथे रेझिनचं काही चालत नाही.

२०१५ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने सुमितोमो बेकलाइटच्या कंपनीबरोबर एक-सिलिंडर संशोधन इंजिन हॅनोव्हरच्या प्रदर्शनात मांडलं. त्याचं सिलिंडर केसिंग फिनॉलिक रेझिनचं होतं, त्यात ५५ टक्के तंतू. ॲल्युमिनियमच्या तशाच इंजिनापेक्षा वजन सुमारे २० टक्क्यांनी कमी. तिथेही झीज सोसणाऱ्या जागी धातू घालावाच लागला.

रोजच्या गाड्यांतली खरी दुखणी आगीपेक्षा साधी आहेत. सतत दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू सरकतं आणि बोल्ट सैल पडतो; म्हणून प्रत्येक भोकात धातूचा बुश बसवलेला असतो. मॅनिफोल्ड काढताना तो हरवला, तर नव्या बोल्टने काहीही साधत नाही. रेडिएटरच्या गरम कूलंटमध्ये नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या वर्षानुवर्षांत तुटत जातात, मग थर्मोस्टॅटच्या नायलॉनच्या हाऊसिंगला केसासारखी चीर जाते. आंबा घाटाच्या चढावर काटा लालकडे सरकू लागला, तर गाडी बाजूला घ्यावी. इंजिन थंड झाल्यावर त्या हाऊसिंगच्या पॅकिंगपाशी कुठे ओल दिसते का, ते आधी बघावं.

मोडीचा हिशोब मात्र उलटा आहे. नायलॉन पुन्हा वितळतं, त्यामुळे तुटका मॅनिफोल्ड दळून निदान हलक्या कामाला वापरता येतो. होडीचं पॉलिस्टर एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही. ॲल्युमिनियमचा जुना मॅनिफोल्ड भंगारवाला वजनावर घेऊन जातो. फायबरच्या फुटक्या होडीला तो हातही लावत नाही.