अपूर्ण माणसांना कृपेचा आधार

परिपूर्णतेचा एक अदृश्य मापदंड आजच्या शहरी माणसाच्या सतत उशाशी असतो. परीक्षेतील गुण, कचेरीतील वार्षिक मूल्यमापन, आदर्श पालकत्वाच्या कल्पना या साऱ्यांतून तो डोकावत राहतो. आपण या मापाला उतरत नाही, ही बोच कधी ना कधी प्रत्येकाला जाणवते. मग माणूस एक तर दोष झाकू लागतो किंवा स्वतःविषयी निराश होतो. ख्रिस्ती धर्मविचाराने या दोहोंपेक्षा वेगळी वाट दाखविली आहे. दोष नाकारायचा नाही आणि दोषापाशी थांबायचेही नाही, अशी ती वाट आहे.

या विचाराचा उगम शब्दांपासूनच शोधता येतो. 'नव्या करारा'त पापासाठी योजलेल्या 'हामार्तिया' या ग्रीक शब्दामागे मुळात नेम चुकण्याचा अर्थ आहे. त्यामुळे पाप म्हणजे केवळ घोर अपराध नव्हे; जे व्हायला हवे होते ते न होणे, हेही त्यात येते. डोंगरावरील प्रवचनात येशू अनुयायांना पूर्ण होण्यास सांगतो. तेथील 'तेलेइओस' हा शब्द साध्य किंवा शेवट या अर्थाच्या 'तेलोस'शी निगडित आहे. तो निव्वळ निर्दोषत्व सुचवीत नाही. पक्वता, परिणती असा त्याचा रोख आहे. ही आज्ञा येते तीही शत्रूवर प्रेम करण्याच्या उपदेशाच्या अखेरीस. म्हणजे येथे अपेक्षित असलेली पूर्णता ही प्रेमाची आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शिष्य पेत्र. येशूला अटक झाल्याच्या रात्री त्याने आपल्या गुरूला तीन वेळा नाकारले. ही लाजिरवाणी हकीकत चारही शुभवर्तमानांत नोंदलेली आहे. आपल्या अग्रणी नेत्याचे पतन आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने दडवून ठेवले नाही, हे लक्षणीय आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत असताना नकार देतो. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात, सरोवराच्या काठी, पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला दिसतो. तेथे पुनरुत्थित येशू त्याला प्रेमाविषयी तीनदा विचारतो आणि दरवेळी मेंढरांचा सांभाळ करण्याचे काम सोपवितो. तो जाब विचारीत नाही, जबाबदारी देतो. क्षमेचा ख्रिस्ती अर्थ या प्रसंगात एकवटला आहे. चुकलेल्या माणसाचा भूतकाळ पुसला जात नाही, मात्र त्याच्यावरचा विश्वास परत मिळतो.

पौलाची कथा याहून वेगळी आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख करतो. तो काटा कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तो दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली, पण काटा निघाला नाही. त्याऐवजी कृपा पुरेशी आहे आणि दुबळेपणातच सामर्थ्य प्रकट होते, अशी ग्वाही मिळाली. प्रत्येक उणीव श्रद्धेने नाहीशी होते, असे भाबडे आश्वासन हा धर्म देत नाही, हे यातून स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप संभवतो. उणिवा जर क्षम्यच असतील, तर सुधारण्याची गरज काय? हा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्रात स्वतःच उपस्थित करून ठामपणे निकालात काढला आहे. जर्मन धर्मचिंतक डिट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पश्चात्तापाविना क्षमा मागणाऱ्या वृत्तीला 'स्वस्त कृपा' म्हणून फटकारले. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. कृपा विनामूल्य असली तरी ती बिनमोलाची नाही, असा त्यांचा आग्रह होता.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. आपल्या पतितपणाची कबुली देत ईश्वराला शरण जाणाऱ्या वारकरी संतांचे संस्कार त्यांच्या अभंगांत स्पष्ट जाणवतात. पण हेच टिळक शीघ्रकोपी, लहरी आणि संसाराच्या हिशेबाबाबत बेफिकीर होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांनी स्वतःलाही सूट दिलेली नाही. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या विभक्त राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे सुटता सुटत नव्हते. ते हळूहळू गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या आत्मचरित्रात ना पतीची मूर्तिपूजा आहे, ना त्याच्यावर आरोपपत्र. दोष पूर्णपणे ठाऊक असूनही आटू न देता जपलेली माया त्यात आहे, आणि तिला विनोदाची साथ आहे. कृपा हा शब्द प्रत्यक्ष संसारात कसा दिसतो, याचे मराठीतील हे अस्सल चित्र म्हणावे लागेल.

व्यवहारात या श्रद्धेचे रूप साधेच आहे. कॅथॉलिक परंपरेत धर्मगुरूंपाशी पापनिवेदन केले जाते. प्रॉटेस्टंट उपासनेत सारी मंडळी मिळून पापकबुली देतात. दोन्हीकडे क्रम एकच आहे: आधी चूक नावानिशी कबूल करणे, मग क्षमा स्वीकारणे आणि शेवटी दुखावलेल्याची शक्य तेवढी भरपाई करणे. स्वतःच्या उणिवेची अशी ओळख पटलेल्या माणसाला इतरांच्या उणिवांचा न्याय करताना हात आखडता घ्यावा लागतो. घरात, कचेरीत, शेजारात ही एवढी सहनशीलता जरी आली, तरी अपूर्णत्वातून उगवलेली आशा एका व्यक्तीपुरती राहत नाही.