एक अ‍ॅप, दोन फोन

अँड्रॉइडचं अ‍ॅप सहसा कॉटलिन भाषेत लिहितात, आयफोनचं स्विफ्टमध्ये. म्हणजे एकच अ‍ॅप दोनदा लिहायचं आणि चूक सापडली की दोन्हीकडे दुरुस्त करायची. लहान कंपनीला हे परवडत नाही. म्हणून एकदाच लिहून दोन्हीकडे चालवता येईल अशी साधनं आली.

फेसबुकने २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुलं केलं. त्यात कोड जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, पण पडद्यावर दिसतात ती त्या-त्या फोनचीच बटणं. गूगलच्या फ्लटरची रीत उलटी. २०१८ च्या डिसेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. फ्लटर फोनकडून कोरा पडदा तेवढा घेतं; बटण, यादी, अक्षर सगळं स्वतः रंगवतं. त्यामुळे दोन्ही फोनांवर अ‍ॅप सारखंच दिसतं, मात्र त्याचा आकार थोडा वाढतो. तिसरा पर्याय कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, २०२३ मध्ये स्थिर झालेला: हिशेब आणि नियम सामाईक, पडदे हवे तर वेगळे. मला हा सर्वांत समंजस वाटतो.

साधन कुठलंही असो, मराठीची काळजी वेगळी घ्यावीच लागते. ‘सेव्ह’साठी बेतलेल्या बटणात ‘जतन करा’ मावत नाही. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ओळीची उंची ठरवली, की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. फोनमध्ये अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या आजी-आजोबांना हा त्रास सर्वांत आधी होतो. म्हणून अ‍ॅपची चाचणी मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि स्वस्तातल्या फोनवर व्हायला हवी, तीही पहिल्या आठवड्यापासून.