क्लब कोणाचा?

पुण्याच्या ‘वेंकीज्’ या नावाचा उच्चार केला असता आपल्याकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढे कोंबड्या व अंडी उभी राहतात. इंग्लंडातील लँकेशायर प्रांतात, ब्लॅकबर्न नावाच्या सुमारे सव्वा लाख वस्तीच्या गावी तेच नाव घेतले, तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. या गावाचा ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स’ नामक फुटबॉल क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये या पुणेकर उद्योगसमूहाने विकत घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मालक व चाहते यांच्यात जो बेबनाव सुरू झाला, तो २०२५ सालापर्यंतही मिटला नव्हता. संघ हरला म्हणून रुसणारे प्रेक्षक कोठेही असतात. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेलाही ते उभे असतात. ब्लॅकबर्नकरांचे गाऱ्हाणे मात्र निराळे आहे, व ज्याअर्थी त्याचे एक टोक आपल्या पुण्यात आहे, त्याअर्थी ते समजून घेणे आपणांस अगत्याचे वाटावे.

ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या निमित्ताने विलायतेस गेलेले महात्मा गांधी गिरणीकामगारांस भेटावयास जेथे गेले होते, ते डार्वेन ब्लॅकबर्नला अगदी लागून आहे. आठवडाभर मागापुढे उभे राहावे व शनिवारी दुपारी सामना पाहावयास जावे, असा तेथील कामकरी लोकांचा परिपाठ असे. १८७५ साली स्थापन झालेला रोव्हर्स क्लब १८८८ मध्ये फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक झाला. १८८४, १८८५ व १८८६ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने एफ. ए. कप जिंकला; एकूण सहा वेळा तो चषक या क्लबने घरी आणला. आजा ज्या बाकावर बसे त्याच बाजूस नातू बसतो, असे तेथे सर्रास घडते. येथे जातपात नाही, परंतु क्लब हा बापाकडून मुलाकडे येतो एवढे खरे!

पुढे गिरण्या बंद पडल्या व क्लबचीही दशा उतरली. तेव्हा जॅक वॉकर नावाच्या गृहस्थाने, जो ब्लॅकबर्नमध्येच जन्मला व पोलादाच्या व्यापारात धनाढ्य झाला, १९९१ मध्ये क्लब आपल्या हाती घेतला. त्याने केनी डॅल्ग्लिश यांस मॅनेजर नेमले, ॲलन शिअरर यांस आणले, ईवुड पार्क हे मैदान नव्याने बांधले, आणि १९९५ साली ८१ वर्षांनंतर रोव्हर्सला इंग्लंडचे अजिंक्यपद मिळाले. वॉकर २००० मध्ये निवर्तला. तोही एक धनवान मालकच होता, आणि पैशाच्या बळावर त्याने अजिंक्यपद मिळविले, असे इतर गावचे लोक म्हणत. परंतु त्याच्याविरुद्ध ब्लॅकबर्नमध्ये ब्र निघाला नाही. कारण तो सामन्यांना तेथे दिसे.

येथे एक कायद्याची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. बोलताना आपण ‘आमचा क्लब’ म्हणतो. पण कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडातील बहुतेक क्लब या मर्यादित कंपन्या असून ज्याच्यापाशी भाग, त्याच्या हाती कारभार. पूर्वी तेथील फुटबॉल असोसिएशनचा असा नियम होता की, भागधारकांनी ठराविक मर्यादेपलीकडे नफा वाटून घेऊ नये. संचालकपद हे गावकीचे काम समजले जाई. परंतु १९८३ मध्ये टॉटनहॅम क्लबने वर एक निराळी कंपनी उभारून तिचे भाग बाजारात विकले, व नियमाच्या भिंतीला जे भोक पडले ते कोणी बुजविले नाही. तेव्हापासून क्लब ही विकत घ्यावयाची व विकावयाची जिन्नस झाली. तिकीट काढून चाळीस वर्षे येणाऱ्या मनुष्यास या व्यवहारात मत नाही.

वेंकीज्‌ने क्लब घेतला तो सुमारे २ कोटी ३० लक्ष पौंडांस. त्यावेळी तो पहिल्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये होता. महिनाही पुरता लोटला नव्हता तोच सॅम अ‍ॅलर्डाइस या मुरब्बी मॅनेजरास, संघ तेराव्या क्रमांकावर असताना, काढून टाकण्यात आले व स्टीव्ह कीन यांची नेमणूक झाली. मॅनेजर म्हणून त्यांस पूर्वीचा अनुभव नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये संघाने पुण्यास येऊन बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफ. सी. शी स्नेहसामना खेळला. तिकडे ईवुड पार्कवर त्याच मोसमात वारंवार निषेधाच्या घोषणा होत होत्या. ७ मे २०१२ रोजी विगनकडून १-० अशी हार खाऊन रोव्हर्स खालच्या श्रेणीत गेला. त्या सामन्यात कोणा चाहत्याने क्लबचे निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ही गोष्ट वृत्तपत्रांनी मोठ्या चवीने छापली, व जग हसले. आम्हांस मात्र त्यात विनोदापेक्षा निरुपायच अधिक दिसतो. ज्याचे पत्र कोणी वाचत नाही, तो अखेर कोंबडी सोडतो.

पुढील एका मोसमात काय झाले पाहा. कीन यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल ॲपल्टन ६७ दिवस. बर्ग यांना करारापोटी २२ लक्ष ५० हजार पौंड द्यावे लागले, तेही न्यायालयात प्रकरण गेल्यावर. ज्या कारभारात ५७ दिवसांच्या चाकरीला एवढे मोल पडते, त्यात शिस्त कितपत असेल हे आमचे गणिताचे विद्यार्थीही सांगतील. २०१७ मध्ये शेवटचा सामना जिंकूनही केवळ गोलांच्या फरकाने संघ तिसऱ्या श्रेणीत उतरला. प्रीमियर लीगचे अजिंक्यपद भोगलेल्या क्लबावर ही पाळी पूर्वी कधी आली नव्हती. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली तो वर्षभरातच दुसऱ्या श्रेणीत परतला, हे सांगितलेच पाहिजे.

आणखीही एक गोष्ट मालकांच्या बाजूने सांगितली पाहिजे, नाही तर आमच्या हातून अन्याय होईल. त्यांनी क्लब लुटलेला नाही. दुसऱ्या श्रेणीतील बहुतेक क्लबांचा खर्च उत्पन्नाहून अधिक असतो, आणि ती तूट या मालकांनी वर्षानुवर्षे कोट्यवधी पौंड घालून भरून काढली. मग लोक का रागावतात? आमच्या मते, याचे उत्तर मालकांच्या तिजोरीत नसून त्यांच्या अनुपस्थितीत आहे. कित्येक वर्षे मालक मैदानावर फिरकले नाहीत, निर्णय हजारो मैलांवर होतात व ते का झाले हे कोणी सांगत नाही, ही तेथील मुख्य तक्रार आहे. जानेवारी २०२३ मध्ये ल्युइस ओब्रायन हा खेळाडू ठरला होता. कागदपत्रे वेळेत पोहोचली नाहीत म्हणून तो हातचा गेला. बरोबर एका वर्षाने डंकन मॅग्वायर या खेळाडूच्या बाबतीतही कागदपत्रांच्याच घोटाळ्याने व्यवहार फिसकटला. एकदा घडले तर चूक. दुसऱ्यांदा घडले तर त्याला काय म्हणावे? त्याच सुमारास ॲडम व्हार्टन हा, गावातच जन्मलेला व सहाव्या वर्षापासून क्लबमध्येच घडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, सुमारे १ कोटी ८० लक्ष पौंडांस विकला गेला. तो पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. २०२३ पासून भारतातील एका चौकशीमुळे मालकांना विलायतेस पैसे धाडण्यास दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागू लागली, त्यामुळे हात आखडला. २०२५ मध्ये तर स्त्रियांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेण्यात आला. ज्या मुलींनी तो संघ तेथवर आणला, त्यांचा यात काय अपराध होता, हे आम्हांस कळलेले नाही.

एखाद्या दुकानाचा माल बिघडला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. ब्लॅकबर्नच्या मनुष्याला तसे करता येत नाही. शेजारचा बर्नली क्लब त्याहून चांगला खेळतो म्हणून तिकडे जा, असे त्यास सुचवून पाहावे, म्हणजे उत्तर मिळेल! त्याच्यापाशी एकच हत्यार असते, ते म्हणजे घरी बसणे; आणि ते हत्यार प्रथम त्याच्या आवडत्या संघालाच लागते. तरीही ते चालविता येते. ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावच्या चाहत्यांनी आपल्या मालकांविरुद्ध ‘आता एक पैसाही नाही’ म्हणून बहिष्कार पुकारला व तो वर्षानुवर्षे निभावला. न्यायालयाच्या हुकमाने २०१९ मध्ये मालकांची सत्ता संपली, तेव्हा मार्चमधील पहिल्या घरच्या सामन्याला पंधरा हजारांहून अधिक माणसे लोटली. पण त्याच लँकेशायरची दुसरीही कथा आहे. दोनदा एफ. ए. कप जिंकलेला १८८५ चा बरी क्लब, मालकाला पैशाची तरतूद दाखविता न आल्याने, ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आला. म्हणून ‘मालक, चालते व्हा’ असे ओरडणारा ब्लॅकबर्नकर मनातून भीतच असतो. हे गेले आणि दुसरा कोणी आला नाही तर? धरले तर चावते, सोडले तर पळते.

जर्मनीत यावर पुष्कळ दिवसांपासून एक तोड आहे. तेथे, काही अपवाद सोडता, क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांचा अधिकार सभासदांच्या संस्थेकडेच राहावा लागतो. श्रीमंताने पैसा घालावा, पण सर्व सत्ता घेऊ नये. इंग्लंडने तो मार्ग स्वीकारला नाही. बरीच्या नाशानंतर चौकशी झाली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला, व जुलै २०२५ मध्ये पार्लमेंटने फुटबॉलच्या कारभारावर देखरेख करणारा स्वतंत्र नियंत्रक नेमण्याचा कायदा संमत केला. मालकाची ऐपत व लायकी तपासणे, आणि मैदान विकणे किंवा क्लबचे रंग व चिन्ह बदलणे अशा गोष्टींत चाहत्यांचे म्हणणे विचारात घ्यावयास लावणे, ही त्याची कामे. मालकाने सामन्यास यावे किंवा आलेल्या पत्राला उत्तर द्यावे, असे कलम त्यात नाही. ते कोणत्या कायद्यात घालता येईल असेही आम्हांस वाटत नाही. दरम्यान प्रत्येक उन्हाळ्यात ईवुड पार्कची मोसमी तिकिटे विक्रीस निघतात, आणि ब्लॅकबर्नच्या घराघरांतून, या वर्षी पैसे भरावे की न भरावे, यावर बापलेकांचा वाद होतो.